गाडी सजवली म्हणजे भाव वाढतो का भो? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात जुन्या स्पोर्ट्स कारच्या लिलावांवर दोन पानं लिहिली होती आणि शेवटी सहज एक ओळ टाकून दिली, की मालकानं हौसेनं केलेला बदल लिलावात बहुतेक वेळा पैसे खातो. बस, त्या एका ओळीवर एवढे मेसेज आले की मोबाईल तापला. अर्धे भांडायला, अर्धे विचारायला, आणि एक पोस्टकार्ड, हो हो पोस्टकार्ड, पाचोऱ्याहून, त्यात फक्त "तुम्हाला हौस म्हणजे काय कळतं?" एवढंच. कळतं दादा. ३० वर्षं विम्याचा सर्व्हेअर होतो, खान्देशातल्या निम्म्या ठोकलेल्या गाड्यांच्या खाली आडवा झालोय, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या हौसेनंच ठोकलेल्या होत्या. परदेशातल्या लिलावात मी कधी हात वर केलेला नाही, तेवढी ऐपत नाही, पण त्यांचे कॅटलॉग रात्री जागून वाचतो, हे घरचे सांगतील.

असो. निवडक प्रश्न घेतो. नावं छापत नाही कारण तिघांनी "बायकोला कळू देऊ नका" असं लिहिलंय.

अमळनेरहून एक वाचक: मामांची १९६४ ची स्टँडर्ड हेराल्ड आहे, दोन दारांची, गेली २० वर्षं खळ्यात ताडपत्रीखाली उभी. आमचा मेकॅनिक म्हणतो छत कापून ओपन स्पोर्ट्स कार करू, बकेट सीट, रुंद टायर, लालभडक रंग, खर्च अडीच लाख आणि ऑनलाइन लिलावात मुंबई-पुण्याचे लोक डोळे झाकून दुप्पट देतील. करू का?

नका करू. आणि त्या मेकॅनिकच्या हातातली कटर आधी काढून घ्या मग पुढचं वाचा.

पहिली गोष्ट, "कापू" म्हणतोय म्हणजे त्याला हेराल्ड माहीतच नाही. ही गाडी इंग्लंडच्या ट्रायम्फची, डिझाइन मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाचं, आणि आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड कंपनी बनवायची. त्या काळातल्या बाकी गाड्या चेसिस आणि बॉडी एकत्र अशा यायला लागल्या होत्या पण हिची चेसिस वेगळी आणि बॉडी वरून बोल्टनं बसवलेली, बोनेट पुढच्या बाजूला अख्खंच्या अख्खं उघडतं, आणि छतसुद्धा बोल्टवर आहे. म्हणजे पाना घेऊन बसलं तर छत उचलून बाजूला ठेवता येतं, कापायची गरजच नाही. इंग्लंडात लोकांनी असे कितीतरी हेराल्ड उघडे केलेत. आता तुमचा मेकॅनिक अगदीच हवेत बोलत नाहीये हेही सांगतो, ट्रायम्फनं १९६२ ला जी स्पिटफायर नावाची टू-सीटर स्पोर्ट्स काढली ती याच हेराल्डची चेसिस आखूड करून काढली होती. म्हणजे तुमच्या खळ्यात स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण उभी आहे. पण बहीणच, ती नाही. ९४८ सीसीच्या इंजिनावर रुंद टायर टाकले तर ती पळणार नाही, धापा टाकेल.

आता पैशाचं. आपल्या देशात २०२१ च्या जुलैत केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम काढले, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हीए सिरीजमध्ये नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २० हजार, १० वर्षं चालते, नंतर ५ हजारात पुढे. पण अट काय, तर गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी शेल, इंजिन यात मोठा फेरफार झालेला नको. हा व्हीए नंबर रोजच्या वापराचा नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला एवढंच, पण विकताना त्या दोन अक्षरांना वजन आहे. तुमची १९६४ ची गाडी आज त्यात बसते. छत गेलं, बॉडीचा प्रकार बदलला, की बसणार नाही. शिवाय आरसीवर सलून म्हणजे बंद छताची आणि रस्त्यावर उघडी गाडी, आरटीओ वेगळं विचारणार. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ आहेच आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाईल असा बदल चालणार नाही.

म्हणजे अडीच लाख घालून तुम्ही गिऱ्हाईक वाढवणार नाही, कमी करणार. ज्याला जुनी हेराल्ड हवी तो गेला, ज्याला खरी स्पोर्ट्स कार हवी तो तुमच्याकडे येणारच नाही, राहिला कोण तर ज्याला नेमकी लाल, उघडी, रुंद टायरची हेराल्ड हवी तो. असा एक भेटलाही समजा. पण लिलावात एक वेडा पुरत नाही, दोन लागतात! हर्रासात भाव वर जातो तो दुसऱ्यामुळे. मार्केट यार्डात बघा ना, एकच व्यापारी उभा असला की माल सोन्यासारखा असला तरी पुकारा पुढे सरकत नाही.

तेव्हा ताडपत्री काढा, इंजिन मोकळं करून घ्या, ब्रेक बघा, उंदरांनी वायरिंग खाल्लं असेल ते बदला, आणि मामांची कागदपत्रं शोधा. बाकी काही नको.

धुळ्याहून इंजिनिअरिंगचा विद्यार्थी: काका तुम्ही म्हणता बदलानं भाव पडतो पण सिंगरची मॉडिफाय केलेली पोर्शे दहा लाख डॉलरच्या वर विकली जाते, मग? तुमचं लॉजिक फेल ना?

अरे दादा, लॉजिक फेल नाही, वाक्य अपुरं होतं. बदलानं भाव पडतो की वाढतो हे बदलावर नाही, तो कोणी केला, कधी केला आणि कागद आहे का यावर असतं.

सिंगर घे. कॅलिफोर्नियात रॉब डिकिन्सननं काढलेली कंपनी, १९८९ ते ९४ मधली ९६४ नावाची पोर्शे ९११ घेतात, पार सोलून काढतात आणि परत उभी करतात, कार्बन फायबरची बॉडी, नवं बांधलेलं इंजिन, आतमध्ये असं चामडं की आपली सोफ्यावर बसायची लायकी वाटत नाही. पण तिथं विकतं काय? पोर्शे नाही, सिंगर विकतं. ते स्वतःच एक घराणं झालंय, प्रत्येक गाडीचा हिशेब आहे, आणि घ्यायला रांग आहे म्हणजे माझा तो दुसरा, तिसरा, दहावा वेडा तयार आहे. जर्मनीतली रुफ तर याच्याही पुढची, तिकडच्या सरकारनं त्यांना गाडी बनवणारी कंपनी म्हणूनच मान्यता दिलीय, स्वतःचा चेसिस नंबर टाकतात. १९८७ ला त्यांची पिवळी सीटीआर ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास पळाली तेव्हा भल्याभल्यांची तोंडं बंद झाली. आता तुझ्या मित्राच्या भावानं पारोळा रोडच्या गॅरेजात स्पॉयलर लावला, तो याच्याशी कसा जुळवणार?

दुसरं, कधी केला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात माँटेरेला फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली, तेव्हाचा लिलावातला विक्रम. ती गाडी १९६२ ची, पण तिच्या अंगावरची बॉडी १९६२ ची नाहीच, १९६४ ला स्कॅलिएत्तीनं, म्हणजे फेरारीच्याच बॉडी बनवणाऱ्यानं, नव्या घाटाची बॉडी चढवून दिलेली! म्हणजे बदललेली गाडी आणि विक्रम. कारण तो बदल गाडी शर्यतीत पळत होती तेव्हाचा, घरच्याच माणसानं केलेला. तो बदल हाच तिचा इतिहास आहे. तोच बदल कोणी १९९४ ला केला असता तर आज ती परत जुनी करायचा खर्च लोकांनी बोलीतून वजा केला असता.

आणि तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो. जॅनिस जॉप्लिन म्हणून अमेरिकन गायिका, तिनं १९६८ ला वापरलेली पोर्शे ३५६ कॅब्रिओले, म्हणजे छत उघडणारी, साडेतीन हजार डॉलरला घेतली आणि सामान वाहणाऱ्या पोराला ५०० डॉलर देऊन सगळ्या गाडीवर चित्रं काढून घेतली, डोंगर, फुलपाखरं, डोळे, काय विचारू नको. पोर्शेवाल्या कोणत्याही सोवळ्या माणसाला घेरी येईल. तिच्या मृत्यूनंतर घरच्यांनी ती परत राखाडी रंगवली, म्हणजे "ओरिजिनल" केली, आणि मग ९० च्या दशकात चूक कळली तर जुन्या फोटोंवरून ती सगळी चित्रं पुन्हा काढून घेतली. २०१५ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला ती १७ लाख ६० हजार डॉलरला गेली, अंदाज ४ ते ६ लाखांचा होता. आता बघ गंमत, राखाडी पोर्शे खरी होती आणि चित्रांची नक्कल होती, तरी पैसे नकलेला मिळाले. कारण लोक पोर्शे घेत नव्हते, जॅनिसची गाडी घेत होते.

बॅटमोबाइलही तसंच. लिंकन कंपनीची १९५५ ची फ्युचुरा नावाची नुसती दाखवायची गाडी, जॉर्ज बॅरिसनं ती १ डॉलरला घेतली, कापून-जोडून १९६६ च्या टीव्ही मालिकेसाठी काळी केली, आणि २०१३ ला तिची बोली ४२ लाख डॉलरवर तुटली, वर लिलाववाल्यांचं कमिशन वेगळं.

तर तू विचारशील मग आपण केलेल्या बदलाचं काय. तू जॅनिस नाहीस रे. मीपण नाही. जपानचा नाकाई आहे ना, जो पोर्शेचे फेंडर स्वतः हातानं कापून चाकांवर रुंद आर्च, म्हणजे कमानी, बसवतो, त्याच्या गाड्यांनासुद्धा त्याचे भक्तच गिऱ्हाईक, बाकीचे म्हणतात कापलेला पत्रा परत येत नाही. एवढ्या नावाच्या माणसाची ही गत.

शिरपूरहून: नुसता रंग बदलला तर काय फरक पडतो? मशीन तर तेच राहतं.

पडतो, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त पडतो. तिकडे "रिसेल रेड" म्हणून शब्दच आहे, म्हणजे विकायची आहे ना, मग मारा लाल. ७०-८० च्या दशकात कितीतरी बदामी, चॉकलेटी, पोपटी स्पोर्ट्स कार लोकांनी लाल करून टाकल्या आणि आता गिऱ्हाईक उलटं फिरलंय, तो मूळ पोपटीच मागतो कारण लाल शंभर आहेत. जॅग्वारसारख्या कंपनीचं हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं त्यात मूळ रंग, आतल्या सीटचा रंग, इंजिन नंबर सगळं लिहिलेलं असतं, लपवायचं कुठे? गालिचा उचलला, डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारला की जुना रंग तिथं बसलेला असतोच. आपल्याकडे रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या एवढं सांगून ठेवतो, अर्धे लोक करत नाहीत आणि क्लेमच्या वेळी माझ्यासारख्याच्या नावानं खडे फोडतात.

शहाद्याहून एक शेतकरी वाचक: लिलाववाल्यांना कळतं कसं काय बदललंय ते? चांगला कारागीर असला तर कोणाच्या बापाला कळणार नाही.

शहाद्याच्या माणसानं हे विचारावं? सारंगखेडा तुमच्याच तालुक्यात ना भाऊ? दत्तजयंतीला घोडा घ्यायला गेला तर काय करता? आधी लांबून चाल बघता, मग तोंड उघडून दात बघता, मग भोवरे कुठं आहेत ते बघता, अंगावर हात फिरवून जुनी जखम शोधता. विकणारा तेल लावून, शेपटीला गोंडे बांधून, नाचवून दाखवतो आणि तुम्ही गोंड्याचे पैसे देत नाही. इथंपण तेच चालतं.

घोड्याचे दात म्हणजे गाडीचे नंबर. चेसिस नंबर, इंजिन नंबर, गिअरबॉक्स नंबर, आणि ते कारखान्याच्या नोंदीशी जुळतात का. याला मॅचिंग नंबर्स म्हणतात आणि जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये भावाचा पाया हा आहे. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं, मग ते कितीही ताकदीचं असो, पाया गेला. फेरारीनं तर २००६ पासून स्वतःचं क्लासिके खातं काढलंय, ते इंजिन, गिअरबॉक्स, चेसिस, बॉडी तपासून लाल पुस्तकात सर्टिफिकेट देतात आणि ते पुस्तक गाडीसोबत असलं की बोली वेगळ्याच उंचीवरून सुरू होते.

नक्कल पकडायला तर जास्तच बारकावे. पोर्शेची १९७३ ची कॅरेरा आरएस २.७ घ्या, मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर असतो, एकूण १५८० बनल्या. साध्या ९११ ला तशी शेपटी, तशी अक्षरं लावून फिरणाऱ्या मात्र मोजता येणार नाहीत. "मानवंदना म्हणून बनवली" असं सांगून विकली तर कोणाची तक्रार नाही, साधीपेक्षा चार पैसे जास्तही मिळतात कधी, पण खरी म्हणून पुढे केली तर नंबर तोंडावर पाडतो.

आणि कॉर्व्हेटची गोष्ट तर मला भारीच आवडते. शेव्हरोलेनं १९६७ ला एल८८ नावाचं इंजिन ऑप्शन म्हणून दिलं, शर्यतीचं इंजिन होतं, कागदावर मुद्दाम ४३० हॉर्सपॉवर लिहिलं, खरी ताकद ५०० च्या वर, आणि ते घेतलं तर रेडिओ नाही हीटर नाही. कोण घेणार? त्या वर्षी फक्त २० गाड्या गेल्या. त्यातली एक लाल कूपे २०१४ ला साडेअडतीस लाख डॉलरला विकली गेली. आता एवढा पैसा दिसला की साध्या कॉर्व्हेटमध्ये तसं इंजिन टाकणारे निघणारच. तर कारखान्यात गाडी जोडताना ऑर्डरचा कागद पेट्रोलच्या टाकीवर चिकटवायचे, टाकी वर बसली की कागद आत गाडला गेला, ५० वर्षं कोणी बघत नाही. आज विकत घेणारा टाकी उतरवतो आणि तो पिवळा पडलेला, कडा कुरतडलेला कागद वाचतो. गाडीची जन्मपत्रिकाच ती.

यात एक गोष्ट लक्षात आली का, एल८८ हीसुद्धा गिऱ्हाईकाची हौसच होती. फक्त ती कारखान्याच्या फॉर्मवर टिक करून केलेली हौस. फेरारीच्या डिनो २४६ चं पण तसंच, ज्यांनी तेव्हा कंपनीकडून डेटोना या मोठ्या फेरारीसारख्या सीट आणि रुंद आर्च घेतले त्या गाड्यांना "चेअर्स अँड फ्लेअर्स" म्हणतात आणि त्या आज साध्या डिनोपेक्षा महाग. तेच आर्च नंतर गॅरेजात बसवले तर कोणी जास्तीचा पैसा देणार नाही.

कारागिराचं म्हणाल तर माझ्या खिशात ३० वर्षं एक चुंबक होतं, स्पीकरमधून काढलेलं, कागदात गुंडाळलेलं. भुसावळला एकदा एका जुन्या कन्व्हर्टिबलच्या फेंडरवर लावलं, वरच्या बाजूला चिकटलं, हेडलाइटच्या खाली आलो तर घसरलं, परत लावलं परत घसरलं. वरून काचेसारखा रंग, आत दोन बोटं पुट्टी. मालक म्हणे "साहेब चुंबक खराब आहे." मी तेच चुंबक त्याच्या गेटला लावून दाखवलं. आता तर रंगाची जाडी मोजायचं मीटर येतं, मायक्रॉनमध्ये आकडा सांगतं, त्याच्याशी कोणी भांडत नाही.

भुसावळहून: राजदूत ३५० आहे, मूळ सायलेन्सर काढून चेंबर (दुसरे, मोठ्या आवाजाचे सायलेन्सर) लावलेत, आवाज जबरदस्त. विकताना त्रास?

मूळ सायलेन्सर घरी आहेत? मग काही त्रास नाही, विकताना परत लावा. नाहीत? मग गाडीसोबत थोडी माफी पण द्यावी लागेल. शेजाऱ्यांचीही मागून ठेवा.

रावेरहून: आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं. जुन्या गाडीला इलेक्ट्रिक फॅन, मोठा रेडिएटर बसवला तर तोही गुन्हा का?

नाही हो, एवढं सोवळं नाही. जॅग्वार ई-टाइपसारख्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चांगला रेडिएटर, पंखा, पाच गिअरची गिअरबॉक्स हे सगळं लिलावात सर्रास दिसतं आणि कोणी नाक मुरडत नाही, उलट "चालवता येते" म्हणून बरंच वाटतं. अट एकच, पत्रा कापलेला नको, नवीन भोकं पाडलेली नकोत आणि काढलेला माल खोक्यात बांधून गाडीसोबत पाहिजे. बोल्टनं लावलं, बोल्टनं निघालं, प्रश्न मिटला. केळीच्या गावात बसून रेडिएटर उकळवत फिरायचं आणि वर म्हणायचं ओरिजिनल आहे, याला काही अर्थ नाही. ब्रेक आणि सीटबेल्टच्या बाबतीत तर मला विचारूसुद्धा नका, बसवा.

चाळीसगावहून एक वाचक, जरा रागात: वडिलांची जुनी फियाट ११०० मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या वर्कशॉपला दिली, १४ महिने लावले, सात लाख घेतले. गाडी आरशासारखी चमकते पण मूळ काचा, मूळ हॉर्नचं बटण, कार्बोरेटर, सगळं नवीन. विचारलं तर म्हणे जुनं भंगारात दिलं. आता विकायला काढली तर एक जाणकार म्हणाला "ओव्हर-रिस्टोअर झालीय", म्हणजे नको तितकी नवी केलीय. म्हणजे मी पैसे देऊन भाव पाडला?

थोडं कडू आहे पण हो, काही भाग तसाच आहे. तुमचा राग बरोबर आहे, आणि भंगारात दिलं यावर माझा तरी विश्वास नाही, जुना चालू कार्बोरेटर कोणी भंगारात देत नाही, तो आज दुसऱ्या कोणाच्या फियाटमध्ये इमानदारीनं चालत असणार. बिलासोबत काढलेल्या भागांची यादी मागा, लेखी मागा, चार वेळा मागा. काचा नाही मिळणार, पण बटण नि कार्बोरेटर मिळू शकतो. यापुढे कोणीही गाडी देताना आधी फोटो काढा, कपाळापासून शेपटीपर्यंत, आणि "काढलेला प्रत्येक भाग परत" ही ओळ कागदावर लिहून सही घ्या.

लोकांना वाटतं चमकली म्हणजे भाव. २०१५ च्या फेब्रुवारीत पॅरिसला बायोंच्या संग्रहाचा लिलाव झाला, फ्रान्समध्ये एका शेतावरच्या शेडमध्ये ५० वर्षं पडलेल्या गाड्या. त्यात फेरारी २५० जीटीची कॅलिफोर्निया स्पायडर, एकेकाळी नट आलँ देलाँकडे असलेली, तिच्या अंगावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. रद्दी! लिलाववाल्यांनी ती धुळीसकट मांडली आणि ती १ कोटी ६३ लाख युरोला गेली. आपण असतो तर पहिल्यांदा पाइप लावून धुतली असती.

नाहीतर स्टीव्ह मॅक्वीननं १९६८ च्या सिनेमात चालवलेली हिरवी मस्टँग. ती १९७४ ला एका कुटुंबानं ६ हजार डॉलरला घेतली, घरची बाई शाळेत शिकवायला त्याच गाडीनं जायची. मॅक्वीननं १९७७ ला पत्र पाठवून परत मागितली, यांनी दिली नाही. जानेवारी २०२० ला लिलावात आली तेव्हा रंग उडालेला, गंज, पोचे, शूटिंगसाठी केलेले फेरफार सगळं जसंच्या तसं, आणि मॅक्वीनचं ते पत्रही सोबत. ३४ लाख डॉलरला हातोडा पडला, कमिशन धरून ३७ लाख ४० हजार. कोणी प्रेमानं ती डेंटिंग-पेंटिंगला दिली असती तर एक चकचकीत जुनी मस्टँग उरली असती, बस.

तुमच्या फियाटीत वडिलांच्या हाताची झीज होती ती गेली, ती मी परत आणून देऊ शकत नाही. पण गाडी विकायची घाई करू नका. दोन-चार वर्षं चालवा, चमक जरा उतरू द्या.

जळगावहून एक ताई: आमच्या ह्यांनी सासऱ्यांच्या १९७२ च्या फियाटवर ३ लाख ४० हजार घातले. अलॉय व्हील, एलईडी, बकेट सीट, स्टीअरिंगजवळचा गिअर काढून खाली बसवला, दरवाजे कापून स्पीकर. म्हणतात इन्व्हेस्टमेंट आहे. मी म्हणते तेवढ्याचं सोनं घेतलं असतं. कोण बरोबर?

जळगावात बसून हा प्रश्न विचारताय म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे, तुम्हाला फक्त छापून हवंय. देतो छापून.

ताई, पाटल्या मोडायला गेलात तर सराफ काय करतो? काट्यावर ठेवतो, सोन्याचे पैसे देतो. नक्षी कितीही सुंदर असो, तुम्ही दिलेली घडणावळ परत देत नाही. गाडी हे सोनं आणि तुमच्या ह्यांनी जे केलं ती घडणावळ. वर जॅनिसची पोर्शे सांगितली, तो पेशवाईतला दागिना समजा, तिथं घडणच सोन्यापेक्षा महाग. तुमच्या ह्यांनी १९७२ ला हे केलं असतं आणि तेव्हा ते एखाद्या रॅलीत जिंकले असते तर गोष्ट वेगळी होती. तसं काही झालेलं दिसत नाही.

पण सगळंच पाण्यात गेलं असं नाही. अलॉय निघतात, एलईडी निघतात, सीट निघतात, मूळ असतील तर तासाभरात परत बसतील. गिअर खाली आणला तिथं फ्लोअरला भोक पाडलं का ते बघा, पाडलं असेल तर काम वाढलं. दरवाजाचे स्पीकर हे खरं दुखणं, आतला पॅनल बदलता येईल पण पत्रा कापलाय तो कापलाय, फियाटचे चांगले दरवाजे आता शोधावे लागतात आणि ज्याच्याकडे आहेत त्याला किंमत कळलेली आहे. गाडीला ५० वर्षं झालीत, व्हीए नंबरची पात्रता वयानं तर आली, पण मूळ रूप ही अट वर लिहिलीच आहे. ह्यांना तो परिच्छेद जेवताना वाचून दाखवा, भरीत असलं तर बरं, माणूस भरीत खाताना फार वाद घालत नाही.

एक मात्र तुम्हाला विचारतो. जुना गिअरचा दांडा, सासऱ्यांच्या काळचं ते पांढरं स्टीअरिंग, ढकण्या, मूळ सीट, हे कुठं आहे? तुम्ही लिहिलंय "घरात पसारा नको म्हणून एका गोणीत भरून ठेवलंय, दिवाळीला भंगारवाल्याला देणार." ताई, गोणी माळ्यावर चढवा. आजच. आणि भंगारवाला दारात आलाच तर त्याला म्हणावं साहेब घरी नाहीत.